एकाच डब्यांतील तेल सर्व यंत्रांस चालेल काय?

शेतकऱ्याच्या घरीं आज एकच एंजिन असतें असें नाहीं. पडवींत मोटारसायकल, शेडमध्यें ट्रॅक्टर, नदीकांठीं डिझेलचा पंप, खुंटीस अडकविलेला गवत कापण्याचा ब्रश कटर, असा संसार पुष्कळ बागाईतदारांच्या येथें आहे. आणि ज्यांनीं शेतावर कृषिपर्यटनाचा जोडधंदा काढला आहे, त्यांच्यापैकीं कांहींच्या अंगणांत रुंद, मऊ चाकांची ए. टी. व्ही. ही गाडीही आली आहे. यंत्रें पांच, पण तेलाचा डबा मात्र बहुधा एक. ट्रॅक्टरासाठीं आणलेल्या बादलींत तेल उरतें, तें मोटारसायकलींत जातें. मोटारसायकलीचें उरलें तर पंपांत. "अखेर तेल तें तेल," अशी समजूत यामागें असते.

आमच्याकडे सभासद बंधूंचीं जीं पत्रें येतात, त्यांत "कोणत्या कंपनीचें तेल घ्यावें?" हा प्रश्न नेहमींचा आहे. त्यास उत्तर देण्याऐवजीं आम्ही तो प्रश्नच जरा फिरवूं इच्छितों. कंपनी कोणतीही असो. ज्या यंत्रांत तेल घालावयाचें, त्या यंत्रांत त्यास कोणकोणतीं कामें करावीं लागतात हें प्रथम पाहिलें पाहिजे. ट्रॅक्टराच्या तेलाचें मुख्य काम काजळीशीं झगडण्याचें आहे; मोटारसायकलीच्या आणि पुष्कळशा ए. टी. व्ही. गाड्यांच्या तेलास त्याच वेळीं गिअर आणि क्लच हेही सांभाळावे लागतात. एकास जें हितकर तें दुसऱ्यास कसें बाधतें, हें येथें सांगावयाचें आहे. ट्रॅक्टराचें कर्ज फेडावयास वर्षें लागतात, आणि कर्ज फिटण्यापूर्वींच एंजिन उतरवून बोर करण्याची पाळी आली तर तो खर्च कोणत्या पिकांतून काढावयाचा, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

तेलाचें पहिलें काम सर्वांस ठाऊक आहे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा पातळ पापुद्रा राहतो व धातूस धातू लागत नाहीं. परंतु तेवढ्यावर त्याची नोकरी संपत नाहीं. पिस्टनची उष्णता वाहून खालच्या चेंबरांत आणणें, जळणापासून झालेलें आम्ल मारणें, रिंगांच्या खांचांतील चीक धुऊन काढणें, आणि निघालेली काजळी कोठेंही थर न धरूं देतां आपल्या अंगांत तरंगत ठेवणें, हींही त्याचींच कामें. मूळ तेलांत हे गुण पुरेसे नसतात. म्हणून कारखान्यांत त्यांत कॅल्शियमचीं वा मॅग्नेशियमचीं अल्कयुक्त द्रव्यें, झीज रोखणारें जस्त-फॉस्फरसचें द्रव्य, काजळी सुटी ठेवणारें द्रव्य, इत्यादि मिसळतात. यावरून एक गैरसमज दूर व्हावा. डिझेल एंजिनांत घातलेलें नवें तेल थोड्याच तासांत काळें होतें, आणि मालक दुकानदाराच्या नांवानें ओरडतो. वास्तविक तेल काळें झालें याचा अर्थ काजळी तेलांत आली, म्हणजे पिस्टनवर बसली नाहीं. डिझेल एंजिनांत पुष्कळ दिवस चालूनही सोन्यासारखें पिवळें राहिलेलें तेल कोणी दाखविलें, तर आम्हांस त्याचाच संशय येईल.

डब्यावर दोन खुणा असतात. एक आंकड्यांची, दुसरी अक्षरांची. आंकडे दाटपणा सांगतात. ही वर्गवारी अमेरिकेंतील मोटार एंजिनियरांच्या संस्थेनें १९११ सालीं सुरू केली. तिच्या नांवाचीं आद्याक्षरें एस्. ए. ई. हीं आंकड्याच्या आधीं छापलेलीं दिसतात. "१५ डब्ल्यू ४०" या खुणेंतील ४० हा आंकडा गरम तेलाचा. चालत्या एंजिनांत तेल जितकें तापतें त्याच्या जवळपास, म्हणजे १०० अंश सेंटिग्रेडवर, ज्याचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक भरतो तें ४० नंबरचें. त्याखालीं ९.३ पर्यंत ३० नंबर, आणि त्यावर २१.९ पर्यंत ५० नंबर. "डब्ल्यू" हें अक्षर विंटर, म्हणजे हिवाळा, या इंग्रजी शब्दाचें आहे. त्याच्या आधींचा आंकडा थंड तेल किती सहज हलतें हें सांगतो, व तो जितका लहान तितकें तेल थंडींत मोकळें. येथें पुष्कळांची फसगत होते. ५ डब्ल्यू ४०, १५ डब्ल्यू ४०, २० डब्ल्यू ४० आणि नुसतें ४०, हीं चारही तेलें एंजिन तापल्यावर दाटपणाच्या एकाच पट्ट्यांत येतात. फरक पडतो तो पहाटे थंड एंजिन सुरू करतांना.

आतां आपल्या हवेचा विचार करूं. १५ डब्ल्यू तेलाची थंडींतील परीक्षा शून्याखालीं २० अंशांवर घेतात, २० डब्ल्यूची शून्याखालीं १५ अंशांवर. निफाडकडे थंडीची लाट आली म्हणजे पारा ५ अंशांच्याही खालीं उतरतो आणि द्राक्षबागाईतदार बागेंत शेकोट्या पेटवितात. पण तेवढ्या थंडीनें या दोन्ही तेलांचें कांहीं अडत नाहीं. सबब, मॅन्युअलमध्यें सांगितलें नसतां केवळ थंडीच्या धाकानें ० किंवा ५ डब्ल्यूचें महाग तेल ट्रॅक्टरांत घालण्याचें महाराष्ट्रांत कारण नाहीं. उन्हाळ्याची गोष्ट उलट. विदर्भांत वैशाखांत ४५ अंश ऊन असतां नांगरट आणि ट्रॉलीची वाहतूक चालते. तेथें ४० नंबर सांगितलेल्या एंजिनांत ३० नंबरचें तेल घातलें, तर ऐन भाराखालीं बेअरिंगवरील पापुद्रा पातळ होतो व तेलाचा दाब पडतो.

म्हणून जाड तेल तितकें चांगलें, असें अनुमान मात्र कोणी काढूं नये. जुना ट्रॅक्टर तेल खाऊं लागला कीं मेस्त्री ५० नंबर घालावयास सांगतो. धूर थोडे दिवस कमी दिसतो हें खरें. परंतु रिंगा झिजल्या त्या झिजल्याच. जाड तेल सकाळीं वरच्या रॉकरपर्यंत पोंचावयास वेळ लावतें. टर्बो असल्यास त्याचीं बारीक बेअरिंगें तितका वेळ कोरडीं फिरतात. आणि जी दुरुस्ती उन्हाळ्यांत सवडीनें झाली असती ती ऐन पेरणींत पदरीं येते. कारखानदारानेंच मॅन्युअलमध्यें कडक उन्हाळ्यासाठीं ५० नंबर दिला असेल, तर गोष्ट निराळी.

अक्षरांची खूण अधिक महत्त्वाची आहे, आणि तीच कोणी वाचीत नाहीं. ती अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेची असून ए. पी. आय्. या आद्याक्षरांनीं ओळखली जाते. "एस्" अक्षरानें सुरू होणारी ग्रेड पेट्रोल एंजिनांची, "सी" अक्षरानें सुरू होणारी डिझेलची. पुढचें अक्षर वर्णमालेंत जितकें पुढचें तितकी परीक्षा अलीकडची व कडक. डिझेलमध्यें सी. एफ्.-४ ही १९९० ची, सी. एच्.-४ ही १९९८ ची, सी. आय्.-४ ही २००२ ची, आणि सी. के.-४ ही २०१६ ची. यांतील पहिली तर त्या संस्थेनेंच कालबाह्य ठरविली आहे. सामान्य नियम असा, कीं मॅन्युअलनें जुनी ग्रेड सांगितली असतां नवी चालते, पण नवी सांगितली असतां जुनी चालत नाहीं. या नियमास एक अपवाद आहे. २०१६ सालींच एफ्. ए.-४ नांवाची ग्रेड निघाली. ती मुद्दाम पातळ ठेविलेली, कांहीं विशिष्ट नव्या मालमोटारींच्या एंजिनांसाठीं आहे. नांव नवें म्हणून ती ट्रॅक्टरांत घालूं नये.

ग्रेड बदलत गेल्या त्या उगीच नव्हे. धुरावर सरकारी निर्बंध आले. त्यासाठीं जळलेल्या वायूचा कांहीं भाग परत सिलिंडरांत सोडण्याची युक्ति निघाली. तिच्यामुळें तेलांत काजळी व आम्ल वाढलें, आणि तें सोसणारें तेल लागूं लागलें. आपल्या देशांत ५० अश्वशक्तीच्या वरील ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हा निर्बंध लागू झाला. नव्या पद्धतीच्या कांहीं एंजिनांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. अडलेली काजळी त्या गाळणींत जाळून टाकतां येते, पण तेलांतील धातूंची राख जळत नाहीं. ती हळूहळू सांठून गाळणी तुंबते. म्हणून अशा एंजिनास कमी राखेचें तेल, म्हणजे सी. जे.-४ किंवा सी. के.-४, सांगितलेलें असतें. या दोन ग्रेडींत राखेचें प्रमाण १ टक्क्यापेक्षां अधिक असूं देत नाहींत. ज्यांच्या ट्रॅक्टरास अशी गाळणी आहे त्यांनीं शेजाऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टराचें तेल "अडीअडचणीस" म्हणून उसनें घेऊं नये. ती गाळणी स्वस्त वस्तु नव्हे.

जुन्या ट्रॅक्टरांच्या मालकांस मात्र एक बरी गोष्ट सांगतों. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलांत गंधकाचें प्रमाण दशलक्षांत १० भागांवर आणलें आहे. पूर्वीं या गंधकापासून आम्ल होऊन तेलांतील अल्क लवकर संपे. तो त्रास आतां पुष्कळच कमी झाला आहे. अर्थात् रॉकेल मिसळलेलें डिझेल स्वस्तांत घेणाऱ्यांस हा दिलासा लागू नाहीं.

येथवर ट्रॅक्टराची गोष्ट झाली. आतां ज्या यंत्रांविषयीं अधिक घोटाळा होतो त्यांकडे वळूं.

मोटारींत, आणि बहुतेक ट्रॅक्टरांतही, एंजिनाचें तेल एंजिनांतच राहतें. क्लच कोरडा, निराळ्या घरांत. गिअरबॉक्सचें तेल निराळें. मोटारसायकलींत हा सर्व संसार एकाच घरांत व एकाच तेलावर चालतो, आणि क्लचच्या प्लेटा तेलांतच बुडालेल्या असतात. गंमत अशी, कीं ज्या तेलानें पिस्टन घसरता ठेवावयाचा, त्याच तेलांत प्लेटांनीं एकमेकींस घट्ट धरून ठेवावयाचें. मोटारींच्या नव्या पातळ तेलांत पुष्कळदां पेट्रोल वांचविण्यासाठीं घर्षण कमी करणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. मोटारीस तीं उपकारक. ओल्या क्लचास मात्र घातक. प्लेटा भाराखालीं सरकूं लागतात, तापतात, त्यांवरील अस्तर जळतें, आणि जळलेल्या अस्तराचा भुगा त्याच तेलाबरोबर सगळ्या एंजिनांत फिरतो.

दुसरी गोष्ट गिअरच्या दांत्यांची. १५ डब्ल्यू ४० सारख्या दुहेरी आंकड्यांच्या तेलांत बहुधा, तापल्यावरही दाटपणा टिकावा म्हणून, लांबलचक साखळ्यांचे रेणू घातलेले असतात. गिअरचे दांते सुपारीसारख्या त्या साखळ्या कातरतात, आणि बदलीची मुदत येण्यापूर्वींच ४० नंबरचें तेल ३० नंबरासारखें पातळ होऊं शकतें. मोटारसायकलीच्या खास तेलांत या कातरण्यास टिकतील असे रेणू निवडलेले असतात.

हें सर्व ध्यानांत घेऊन जपानी मोटारउद्योगाच्या मानकसंस्थेनें १९९८ सालीं चार-स्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलाचें निराळें मानक काढलें. त्याची खूण म्हणजे "जासो" हें नांव व त्याबरोबर "एम्. ए." किंवा "एम्. बी." हीं अक्षरें. ओल्या क्लचास एम्. ए. पाहिजे. त्यांतही एम्. ए.-१ आणि एम्. ए.-२ असे पोटभेद असून एम्. ए.-२ ची पकड अधिक असते. एम्. बी. हें कमी घर्षणाचें तेल; तें, ज्यांचा क्लच कोरडा आहे अशा बिनगिअरच्या स्कूटरांसाठीं. घरांत मुलीची स्कूटर आणि आपली मोटारसायकल दोन्ही असतील, तर त्या दोहोंचे डबेही निराळे ठेवावे लागतील. दाटपणाच्या बाबतींत येथें ट्रॅक्टराचा अनुभव लावूं नये. १० डब्ल्यू ३० सांगितलेल्या मोटारसायकली आपल्याकडे पुष्कळ आहेत. तेथें ३० नंबर हाच बरोबर, मात्र तो एम्. ए. खुणेचा असावा.

ए. टी. व्ही. म्हणजे हँडलानें वळविण्याची, घोड्यासारखी मांड टाकून बसावयाची, थोड्या हवेच्या रुंद चाकांवर चालणारी गाडी. होंडा कंपनीनें १९७० सालीं तिचा तीनचाकी नमुना अमेरिकेंत विक्रीस काढला. चारचाकी रूप पुढें आलें. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया येथील मेंढ्या व गाई पाळणारे शेतकरी तीवरून कुरणांत फिरतात, कुंपणें पाहतात, ओझीं नेतात. आपल्याकडे ती अलिबागेकडील समुद्रकिनारीं आणि लोणावळ्याकडे पाहुण्यांस फिरविण्यासाठीं अधिक दिसते, व त्याच कामासाठीं ती शेतांवरही येत आहे. चार चाकें आहेत, तेव्हां मोटारीचें तेल, असा हिशेब सहज होतो. पण चाकें मोजून तेल ठरत नाहीं. तिचें एंजिन बहुधा मोटारसायकलीच्या जातीचें असतें.

आमच्या माहितींतील एका गृहस्थांनीं शेतावरील पाहुण्यांसाठीं अशा दोन गाड्या घेतल्या. माल चांगला वापरावा या भल्या हेतूनें त्यांनीं मोटारीसाठीं विकलें जाणारें भारी किंमतीचें ५ डब्ल्यू ३० तेल दोहोंत घातलें. थोड्याच दिवसांत चढावर एंजिनाचा आवाज वाढे, पण गाडी पुढें सरेना. गांवच्या मेस्त्रीनें प्लेटा बदलल्या, आणि त्याच डब्यांतील उरलेलें तेल पुन्हां भरलें. फिरून तोच प्रकार. मग तालुक्याच्या गांवाहून दुसरा कारागीर आणला. त्यानें गाडीस हात लावण्यापूर्वीं डबा मागितला, तो उलटा करून पाहिला, आणि मागच्या बाजूस असलेल्या वर्तुळाच्या खालच्या भागांतील "रिसोर्स कन्झर्व्हिंग" हे दोन शब्द मालकास दाखविले. तेल बदललें, फिल्टर बदलला, प्लेटा तिसऱ्यांदां नव्या बसविल्या. त्यानंतर तक्रार राहिली नाहीं. नाताळच्या सुट्टीचे कमाईचे दिवस मात्र गेले ते गेले. त्या गृहस्थांनीं तेलांत काटकसर केली नव्हती, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें; उलट गरजेपेक्षां जास्तच खर्च केला होता.

त्या वर्तुळाची रीत अशी. वरच्या अर्धांत ए. पी. आय्. ची ग्रेड, मध्यें दाटपणाचे आंकडे, आणि तेल इंधन वांचविणाऱ्या जातीचें असल्यास खालच्या अर्धांत हे शब्द. ते दिसले कीं तो डबा ओल्या क्लचाच्या यंत्रापासून दूर ठेवावा. खालचा भाग रिकामा असला म्हणजे तेल निर्धोक झालें असें मात्र नव्हे; खात्रीची खूण जासो एम्. ए. हीच.

ए. टी. व्ही. विषयीं आणखी एक सावधगिरीची सूचना देणें जरूर आहे. पुष्कळ गाड्यांत गिअर बदलावे लागत नाहींत. रबराच्या रुंद पट्ट्यावर वेग आपोआप कमीजास्त होतो. पट्टा कोरडा, तेव्हां क्लचही कोरडा, असें कोणी म्हणेल. कांहीं गाड्यांत तें खरें आहे, आणि त्यांचें गिअरचें तेलही निराळें असतें. परंतु कांहींत पट्टा कोरडा असूनही त्याच्या आधींचा, वेग वाढला कीं आपोआप धरणारा क्लच एंजिनाच्या तेलांतच असतो. बाहेरून पाहून हें कळत नाहीं. मॅन्युअलच उघडलें पाहिजे, आणि गाडी जुनी घेतली असून मॅन्युअल मिळालें नसेल, तर तें मिळेपर्यंत एम्. ए. खुणेचें तेल वापरण्यांत सहसा धोका नाहीं. चारही चाकें ओढणाऱ्या गाडींत पुढच्या आंसावर निराळी गिअरपेटी असते, कित्येकींत मागेंही असते. तिचें तेल निराळें सांगितलेलें असतें. एंजिनांतील उरलेलें तेल तेथें ओतूं नये.

शिवाय या गाडीचें आयुष्यच तेलास कठीण जाणारें आहे. पाहुणे दहा मिनिटें फिरतात व उतरतात. एंजिन पुरतें तापत नाहीं, आणि तेलांत जमलेला दमटपणा व पेट्रोल उडून जात नाहींत. वाळूंत आणि चिखलांत गाडी सावकाश चालते, वारा लागत नाहीं, एंजिन भलतेंच तापतें. अशा वेळीं किलोमीटर मोजून तेल बदलणें फसवें आहे. तास मोजावे, आणि मॅन्युअलमध्यें कष्टाच्या कामासाठीं जी कमी मुदत दिली असेल ती धरावी. ओढ्याच्या पाण्यांत गाडी बुडाली असेल तर संध्याकाळींच तेलपट्टी ओढून पाहावी. तेल दुधी दिसलें कीं त्यांत पाणी शिरलें. तें काढून नवें भरल्यावांचून एंजिन सुरू करूं नये.

आतां शीर्षकांतील प्रश्नाचें उत्तर देतां येईल. डिझेलच्या कांहीं तेलांवर सी. आय्.-४ सारख्या ग्रेडीबरोबर पेट्रोलची ग्रेडही असते, आणि कांहींवर जासो एम्. ए. ही खूणही असते. दोन्ही यंत्रांच्या मॅन्युअलमध्यें मागितलेल्या सर्व खुणा, दाटपणासुद्धां, एका डब्यावर छापलेल्या असतील, तर तो एक डबा त्या दोन यंत्रांस खुशाल वापरावा. एरवीं नाहीं. मोटारसायकलीचें तेल ट्रॅक्टरांत घालण्याचा उलटा प्रकार तर अगदींच टाळावा; त्यांत डिझेलची काजळी सोसण्याची तयारी केलेली नसते, आणि चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर सकाळपासून रात्रींपर्यंत ओढीत असतो.

ब्रश कटर बहुधा दोन-स्ट्रोकचा असतो. त्याचें तेल पेट्रोलांत मिसळून जळून जातें. म्हणून त्यास दोन-स्ट्रोकचेंच, राख न ठेवणारें तेल पाहिजे. चार-स्ट्रोकच्या तेलांतील धातूंची राख पिस्टनवर व प्लगवर बसते. ५० भागांस १ भाग म्हटलें असेल तर लिटरास २० मिलिलिटर, २५ भागांस १ म्हटलें असेल तर ४० मिलिलिटर. अंदाजानें झांकणभर ओतूं नये. नदीवरच्या सावकाश चालणाऱ्या जुन्या डिझेल पंपास पुष्कळदां नुसतें ३० किंवा ४० नंबर सांगितलेलें असतें, आणि तें त्यास पुरतें.

सिंथेटिक तेलाविषयीं विचारणा होते. तें उष्णतेंत अधिक टिकतें व थंडींत मोकळें राहतें, यांत शंका नाहीं. टर्बोच्या नव्या एंजिनास किंवा उन्हांत सावकाश रांगणाऱ्या ए. टी. व्ही. गाडीस त्याचा उपयोग आहे. परंतु आमच्या मतें, जुन्या साध्या ट्रॅक्टराचा मालक ते जादा पैसे एअर क्लीनरवर लक्ष ठेवण्यांत घालील तर अधिक मिळवील. रोटावेटरच्या धुळींत फाटक्या रबरी नळीतून जी माती आंत जाते, ती कोणत्याही तेलास आवरत नाहीं. ज्या ट्रॅक्टरांचा एअर क्लीनर तेलाचा आहे, त्यांत खुणेपर्यंतच तेल भरावें. जास्त भरलेलें तेल हवेबरोबर ओढलें जाऊन एंजिनांत जळूं लागलें, तर डिझेल बंद करूनही एंजिन थांबत नाहीं, असाही प्रसंग येतो. दुकानदार तेलाबरोबर जी "ताकद वाढविणारी" लहान बाटली पुढें करतो ती घेऊं नये. ओल्या क्लचाच्या यंत्रांत तर मुळींच नाहीं. तेलांतील द्रव्यांचें प्रमाण कारखान्यांत तपासून ठरविलेलें असतें, तें बाटलीनें बिघडतें.

तेलाची पातळी सपाट जागेवर, एंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर पाहावी. पट्टीवर तेल कमी दिसलें कीं सर्वांस काळजी वाटते. तें वाढलेलें दिसलें तर मात्र कित्येकांस आनंद होतो. तेल आपोआप वाढत नसतें. डिझेल-पंपाचें किंवा नोझलचें गळकें डिझेल चेंबरांत उतरत असलें पाहिजे, नाहीं तर पाणी. पट्टीचा थेंब बोटांवर चोळून हुंगावा. डिझेलचा वास आला व चिकटाई गेली असली तर ट्रॅक्टर उभा करावा आणि दोष काढून तेल बदलावें. तेल बदलतांना एंजिन कोमट असावें, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघून येतो, आणि फिल्टर त्याच वेळीं बदलावा. पुष्कळ ट्रॅक्टरांची मुदत २५० तासांची आहे, कांहींची त्याहून अधिक; नव्या ट्रॅक्टराची पहिली बदली पुष्कळच लवकर असते व ती चुकवूं नये.

काढलेलें तेल विहिरीच्या कांठीं किंवा बांधावर ओतूं नये, आणि बैलाच्या खरजेवर लावण्याची जुनी चाल तर सोडून द्यावी. त्यांत जळणापासून आलेलीं विषारी द्रव्यें असतात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणें तें पुनःशुद्धि करणाऱ्या परवानेदाराकडे गेलें पाहिजे, यास्तव बंद कॅनमध्यें सांठवून अशा ठिकाणीं माल पाठविणाऱ्या गॅरेजास द्यावें. नवें तेल सुटें घेऊं नये; सीलबंद डबा, बॅचचा नंबर आणि पावती हीं तीनही पाहून घ्यावीं. रिकामा डबा भंगारवाल्यास देण्यापूर्वीं त्यास विळ्यानें एक मोठें भोंक पाडावें. चांगल्या नांवाच्या अखंड डब्यांस भंगारांत जो बरा भाव येतो, तो पुन्हां कोणतें तेल भरण्यासाठीं येतो हें उघड आहे.